प्रयागबाईच्या कुंकवाच्या नोटा

प्रयागबाईचा आवाज आधी ऐकू यायचा आणि मासवडीचा वास मागून. आळेफाट्यावर नगरकडे रस्ता वळतो त्या तोंडाला तिची खानावळ होती. खानावळ म्हणजे तरी काय, वर पत्रे, तीन बाजूंनी तट्ट्या, मागं दोन चुली आणि पुढं चार बाकं. पाटी नव्हती. पाटी कशाला हवी? नाशिकचा ड्रायव्हर ट्रक थांबवून विचारायचा, "ती शिव्या देणारी मावशी कुठं?" आणि फाट्यावरचं शेंबडं पोरसुद्धा बोट दाखवायचं. शिव्या फुकट मिळायच्या, मासवडीचे पैसे पडायचे.

पैशाच्या बाबतीत मात्र बाई भलतीच कडक. त्याला कारण होतं. नवरा गेला तेव्हा पिंपळवंडीच्या भावकीनं तिच्यापुढं सातबारा धरला आणि विचारलं, "यात तुझं नाव कुठंय?" प्रयागबाईला वाचता येत नव्हतं, पण नाव नाही एवढं कळलं. एका बोचक्यानिशी ती फाट्यावर आली ती आलीच. तेव्हापासून कागदावर तिचा काडीचा भरवसा राहिला नाही. हातात येईल ते खरं, बाकी सगळी बडबड. नोट म्हणजेही शेवटी कागदच, हे तिला कुणी सांगितलं नाही. सांगायची कुणाची छातीही नव्हती.

रोज संध्याकाळी गल्ल्यातल्या चांगल्या नोटा निवडून ती बिस्किटाच्या डब्यात ठेवायची. लक्ष्मीपूजनाला त्या सगळ्या पाटावर मांडायच्या आणि एकेका नोटेला कोपऱ्यात हळदीकुंकवाचं बोट लावायचं. पूजलेली नोट खर्चायची नाही, हा नियम. मोडायची तर एकाच कामाला. खानावळ ज्या जागेवर उभी होती ती पिंपळवंडीच्या सावळाराम तात्याची होती, आणि ती तुकडाभर जागा विकत घेऊन कागदावर आपलं नाव चढवायचं, ही बाईच्या पोटातली इच्छा. कागदावर भरवसा नाही, तरी नाव मात्र कागदावरच हवं. माणसाचं असंच असतं.

दुसरी इच्छा तिची नव्हती, पण तिच्या इच्छेपेक्षा ती मोठी होती. खानावळीत भाकऱ्या थापायला जानकाबाई होती. दोघी एकाच वयाच्या, दोघी नवऱ्यावाचून. जानकाबाईच्या घरी लक्ष्मीपूजन नसायचं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि खाली पोरीची पुस्तकं, एवढंच. पोरीचं नाव ज्योत्स्ना. ही ज्योत्स्ना दुसरी-तिसरीत असताना एकदा प्रयागबाईचा हात तव्याला चांगलाच पोळला. बाई बोंबलत सुटली. पोरीनं गार पाणी आणलं, आपल्या शाळेच्या जुन्या झग्याची पट्टी फाडली आणि हात असा काही बांधला, की दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "कुणी बांधलं?" त्या दिवसापासून प्रयागबाई तिला नावानं हाक मारत नसे.

"सिस्टर, जेवली का गं?"

"सिस्टर, ह्यो ड्रायव्हर खोकतोय, बघ जरा."

पोरगी नर्स होणार, हे अशा रीतीनं फाट्यानंच ठरवून टाकलं होतं. जानकाबाई मजुरीतले पैसे तेवढ्यासाठी बाजूला टाकत होती.

खानावळीसमोर, रस्त्यापलीकडं, एक पतसंस्था होती. तिचं नाव एवढं लांबलचक की पाटीला दोन ओळी पुरल्या नव्हत्या. लोक नुसतं 'संस्था' म्हणायचे. मॅनेजर भगवंत. बी.कॉम. झालेला, सरळ, पापभीरू माणूस. रोज दुपारी तो प्रयागबाईच्या बाकावर जेवायचा आणि रोज तेच सांगायचा, "मावशी, डब्यात पैसा वाढत न्हाई. संस्थेत ठेवा, व्याज मिळंल."

"डब्यात वाढत नसंल, पण डब्यातनं चालत तरी जात न्हाई," मावशी म्हणायची.

एका उन्हाळ्यात डब्याचं झाकण उघडं राहिलं आणि उंदरानं कडेच्या नोटांची बिर्याणी केली. प्रयागबाई दिवसभर कुणालाच शिवी देईना, तेव्हा गिऱ्हाईकं घाबरली. संध्याकाळी ती डबा पदराखाली घेऊन रस्ता ओलांडून गेली आणि तिनं तो भगवंतापुढं आपटला.

"ठिवते. पर एक सांग. दिवाळीला पूजेला माझ्या नोटा मला मिळाल्या पाह्यजेत."

"मिळणार की, मावशी! तुमचे पैसे तुमालाच मिळणार."

आता इथं खरी गंमत झाली. भगवंत खोटं बोलला नव्हता आणि प्रयागबाईनं चुकीचं ऐकलं नव्हतं. फक्त बाईच्या डोळ्यांसमोर पिंपळवंडीची गिरणी होती. गिरणीत कसं, प्रत्येकीचा डबा आपल्या नंबरात. आपली बाजरी, आपलं पीठ. गिरणीवाल्यानं एकीच्या बाजरीत दुसरीचा जोंधळा मिसळला तर त्याची खैर नसायची; प्रयागबाईनंच एकदा त्याची गचांडी धरली होती. संस्थेची तिजोरी म्हणजे तसंच, ओळीनं डबे, प्रत्येकावर नाव, असं ती धरून चालली. भगवंतानं दिलेलं पासबुक तिनं तांदळाच्या मडक्यात खुपसलं आणि विसरून गेली.

दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दुपारी जीपवाला ऋषी जेवून उठला आणि त्यानं शंभराची नोट पुढं केली. प्रयागबाईनं ती सवयीनं उजेडात धरली. कोपऱ्यात हळदीकुंकवाचं बोट. तिचंच बोट. स्वतःच्या बोटाची खूण माणूस विसरेल का?

"ही कुठनं आली रं तुझ्याकडं?"

"संस्थेतनं लोन काढलंय, मावशी. जीपचं इंजिन बांधलं. त्यातली राहिली एक."

प्रयागबाईनं पळी टाकली आणि रस्ता ओलांडला. मधे एक एस.टी. कचकन थांबली, ड्रायव्हर काही बोलणार होता, बाईचं तोंड बघून गप्प बसला.

"भगवंता! माझ्या नोटा काढ."

भगवंतानं हसतमुखानं गल्ला उघडला आणि पैसे मोजायला घेतले. प्रयागबाईनं एकेक नोट उलटून पाहिली. कोऱ्या. कुंकवाचा ठिपका नाही.

"ह्या कुणाच्या? माझ्या कुठंयत?"

"पैसे सारखेच असत्यात, मावशी."

"आन ही?" तिनं ऋषीची नोट त्याच्या नाकासमोर धरली. "ही ऋषीच्या खिशात कशी गेली? माझा डबा उघडून दिलास त्याला?"

भगवंताला घाम फुटला. पण माणूस शिकलेला; शिकलेल्या माणसाला समजावून सांगायची खोड असते. तो म्हणाला, "मावशी, बसा. शंभर रुपये आले की पंचवीस आमी गल्ल्यात ठेवतो, पंचाहत्तर कर्जाऊ देतो. समदे एकदम मागाय येत न्हाईत, म्हणून चालतं. कर्ज न्हाई दिलं तर तुमाला व्याज कुठनं देणार? ऋषीनं कर्ज घेतलं, इंजिनाचे पैसे भिमाजी मेस्त्रीला दिले. भिमाजीनं काय केलं? त्याच नोटा उचलून इथं आणून भरल्या. त्यातल्या काही ठेवून आमी पुढच्याला दिल्या. त्यो ज्याला देईल, त्यो पुन्हा हितंच आणून भरंल."

"म्हंजी माझ्या नोटा भिमाजीच्या झाल्या?"

"तसं न्हाई. तुमच्या पासबुकात तुमचे पैसे हायेत. भिमाजीच्या पासबुकात भिमाजीचे हायेत."

"आन नोटा?"

"नोटा..." भगवंतानं गल्ल्याकडं पाहिलं. "नोटा त्याच."

प्रयागबाईनं मनाशी हिशेब केला. परातीतलं दोन माणसांचं पीठ दहा माणसांना पुरवायचा हिशेब तिला येत होता, पण त्यात निदान भाकरी पातळ होते. इथं काहीच पातळ झालेलं दिसत नव्हतं.

"नोटा तेवढ्याच आन पैसे दुप्पट? तिकडं नाशिकला सरकार यंत्र लावून नोटा छापतंय, आन तू हितं खुर्चीवर बसून नुसत्या पेनानं पैसे करतोस? त्यांना ठाऊक हाय का ह्ये?"

"रिझर्व बँकेला समदं ठाऊक असतं, मावशी. समद्या जगात बँका असंच करत्यात."

"मग जग बुडणार," प्रयागबाई म्हणाली आणि बाहेर पडली.

बाहेर पडून ती नुसती खानावळीत गेली असती तरी भागलं असतं. पण ती संस्थेच्या ओट्यावर उभी राहिली आणि सणाच्या गर्दीनं फुललेल्या फाट्याला ऐकू जाईल असं ओरडली, "संस्थेत माझ्या नोटा न्हाईत!"

बोलली ते शब्दशः खरं होतं. म्हणूनच तर घात झाला. फाटा म्हणजे चार दिशांचं नाक. इथं शिंकलं की सगळीकडं ऐकू जातं. त्या वेळी नाशिकची एस.टी. लागलेली, नगरची सुटत होती, जुन्नरची भरत होती. अंधार पडायच्या आत येडगावात बातमी पोचली की प्रयागबाईचे पैसे बुडाले. पिंपळवंडीत ती पोचली तेव्हा मॅनेजर पळाला होता. पळालेला मॅनेजर त्या वेळी संस्थेच्या दारात रांगोळी नीट आली का, हे बघत उभा होता.

प्रयागबाई मोठ्या तोऱ्यात चुलीपाशी परत आली. "चांगली खोड मोडली मेल्याची!"

जानकाबाईनं थापत असलेली भाकरी परातीतच ठेवली. "बाय, माझे बी तिथंच हायेत," ती हळूच म्हणाली. "सिस्टरचे."

हे प्रयागबाईच्या ध्यानातच आलं नव्हतं. जानकाबाईला संस्थेत नेऊन खातं तिनंच तर काढून दिलं होतं, "व्याज मिळतंय, ठेव की गं" म्हणत.

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेपुढं रांग लागली. गल्ल्याची पूजा व्हायची म्हणून संस्था दुपारपर्यंत उघडी असायची, मोठी बँक मात्र सुट्टीमुळं बंद. कानटोपीवाले, काठीवाले, पोरं कडेवर घेतलेल्या बाया, सगळ्यांच्या हातात पासबुकं. सणाचा दिवस, अंगाला उटण्याचा वास, आणि तोंडं मात्र मयताला आल्यासारखी. रांगेत पहिली कोण? प्रयागबाई. तिला फक्त रस्ता ओलांडायचा होता. जानकाबाई भाकऱ्या उरकून आली, तोवर तिचा नंबर पार रसवंतीच्या गुऱ्हाळापर्यंत मागं गेला होता.

भगवंतानं खिडकी उघडली. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. त्यानं प्रयागबाईचे पैसे मोजून दिले, व्याजासकट. गंमत म्हणजे त्यात निम्म्याहून जास्त नोटा कुंकवाच्या होत्या. फिरून फिरून त्या इथंच आल्या होत्या.

"बघा मावशी, आल्या तुमच्या," तो म्हणाला. मग आवाज अगदी खाली आणून, "आता गल्ल्यात चार-पाच माणसांपुरतं राहिलंय. मोठी बँक उघडली की आमचे तिथले पैसे आणता येतील, पर आज न्हाई. जानकाबाईपर्यंत पोचत न्हाई."

प्रयागबाई पुडकं पदरात घेऊन बाजूला झाली. पैसे हातात आले होते. नोटा आपल्याच होत्या. उद्या पाडव्याला सावळाराम तात्याच्या घरी जायचं, ठरल्याप्रमाणं जागेचं खत करून घ्यायचं, की सुटले. रांगेच्या शेवटी जानकाबाई उभी होती आणि तिच्या शेजारी ज्योत्स्ना, बारावीचं पुस्तक उघडून उभ्या उभ्या वाचत होती. आपला नंबर येईल तेव्हा येईल, तोवर एक धडा होईल, असा तिचा हिशेब. पोरीचा हा शहाणपणा बघून प्रयागबाई खानावळीकडं जायची थांबली.

परत जाऊन खिडकीत पैसे भरावेत? मग काल ओरडली ती खोटी पडली असती, आणि उद्या जागेचं काय? तेवढ्यात तिला रांगेत मधोमध सावळाराम तात्या दिसला. काठी टेकून, पासबुक छातीशी धरून, इकडंतिकडं चोरट्या नजरेनं बघत. तात्याची दोन तरणीताठी पोरं घरी वाटणीसाठी दबा धरून बसलेली. संस्थेत बापाचं खातं आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. हे फाट्यावर फक्त प्रयागबाईला ठाऊक, कारण खानावळीत बसून माणूस भाकरीबरोबर सगळंच ओकतो.

"तात्या!" तिनं हाक मारली. "उद्या कशाला? जागेचे पैसे आत्ताच घ्या. चारचौघांच्या देखत."

रांग वळून बघायला लागली. तात्या ओट्यावर बसला, अंगठ्याला थुंकी लावून नोटा मोजल्या, कुंकू बघून एकदा कपाळाला लावल्या. भगवंतानं खिडकीतूनच कोरा कागद दिला. त्यावर ज्योत्स्नानं मजकूर लिहून वाचून दाखवला, तात्यानं सही केली आणि जागा प्रयागबाईची झाली. पक्कं खत जुन्नरला जाऊन करायचं ठरलं. सगळं ओट्यावरच.

"आता सांभाळून जा हो तात्या," प्रयागबाई जरा मोठ्यानंच म्हणाली. "जीपमधी लई पाकीटमारी चालू हाय. आन घरी पोरांना सांगू नका, सणाच्या दिवशी भांडणं नकोत."

तात्या उठला, आणि उभाच राहिला. पुडकं धोतरात खोचलं तर फुगवटा दिसत होता, हातात धरलं तर सगळा फाटा बघत होता. घरी नेलं तर पोरं. त्यानं नोटांकडं पाहिलं, पिंपळवंडीच्या रस्त्याकडं पाहिलं, खिडकीकडं पाहिलं. मग काठी आपटत थेट खिडकीशी गेला.

"भगवंता, भरून घे."

"तात्या, तुमी तर काढाय आला व्हता?"

"संस्था बुडायची तवा बुडंल. पोरं आजच बुडवतील. घे मुकाट्यानं."

ज्या नोटा आत्ता खिडकीतून बाहेर आल्या होत्या त्या ओट्यावर एक जागा विकत घेऊन परत आत गेल्या. ओट्याच्या पायऱ्यासुद्धा उतरल्या नाहीत. पण रांगेला हे दिसलं नाही. रांगेला एवढंच दिसलं, की सावळाराम तात्यासारखा चिक्कू माणूस नोटांचं पुडकं संस्थेत भरतोय.

"तात्या भरतोय? मग त्याला काहीतरी ठाऊक असणार, राव."

"अहो, मघाशी प्रयागबाईला बी दिलेच की समदे. व्याजासकट."

"मग पळाला कोण?"

"कोण कुठं पळाला? ह्यो काय समोर बसलाय."

रांग कडेनं उसवायला लागली. ज्यांनी सकाळी काढले होते त्यातले दोघं-तिघं खाली मान घालून पुन्हा भरायला आले. जानकाबाई खिडकीशी पोचली तोवर भगवंताच्या तोंडावर रक्त परतलं होतं.

"माझे हायेत का, दादा?"

"हायेत की. काढायचेत?"

"हायेत ना? मग असू द्या," जानकाबाई म्हणाली आणि भाकऱ्या थापायला निघून गेली. सगळी बँक, नाशिकच्या छापखान्यापासून आळेफाट्यापर्यंत, या एवढ्या वाक्यावर उभी असते. पण हे भगवंताच्या पुस्तकात नव्हतं आणि जानकाबाईला त्याची फी मिळाली नाही.

फाट्यावर प्रयागबाईचं नाव झालं. तिनंच संस्था बुडवायला काढली होती हे लोक दोन दिवसांत विसरले आणि तिनंच वाचवली असं म्हणायला लागले. तिनंही नाही म्हटलं नाही. उलट गल्ल्याची पूजा झाल्यावर ती भगवंतासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आता पहिल्यापासून सुरुवात. पुन्हा पैसे ठिवते, आता भिंती बांधायच्यात. पर ध्यानात ठेव, ह्या वक्ताला माझ्या नोटा कुणालाबी द्यायच्या न्हाईत. पुढल्या दिवाळीला माझ्या नोटा, माझ्या कुंकवाच्या, जशाच्या तशा. न्हाई तर ओटा हाय आन मी हाय."

भगवंतानं दोन्ही हात जोडले. त्या ओट्याचं त्यानं असं काही भय घेतलं होतं, की बाईनं तिजोरी डोक्यावर घेऊन नाच म्हटलं असतं तरी तो नाचला असता.

वर्षभर प्रयागबाई दर आठवड्याला कुंकू लावलेल्या नोटा भरत राहिली. आता तिनं दिवाळीची वाट बघायचंही सोडलं होतं. आदल्या संध्याकाळी कुंकू लावायचं, सकाळी भरायचं. संस्थेत प्रयागबाई पैसे भरते, हे बघून फाट्यावरच्या आणखी दहा जणांना धीर आला.

जूनमध्ये ज्योत्स्ना बारावी पास झाली. चांगले मार्क. पुण्याच्या नर्सिंगला नंबर लागला. प्रयागबाईनं त्या दिवशी ड्रायव्हर लोकांना मासवडीचा एक जादा तुकडा वाढला आणि शिव्याही दुप्पट दिल्या. पण फी आणि होस्टेल धरून जानकाबाईची पुंजी निम्मी भरत होती.

"उरलेले मी देते," प्रयागबाई म्हणाली.

जानकाबाईनं मान हलवली. "नको, बाय. राग मानू नका. तुमच्याकडं कामाला हाय मी. तुमचे घेतले तर पोरीच्या शिक्षणावर तुमचं नाव लागंल, आन ती जन्मभर तुमच्यापुढं मान खाली घालंल. संस्थेचं कर्ज काढते. हप्ता भरला की मोकळी. संस्थेला कुणी हात जोडत न्हाई."

प्रयागबाईला राग आला, वाईटही वाटलं, पण बोलणं पटलं. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईला ते पटणारच. जानकाबाईनं अर्ज केला. आठवड्यानं भगवंत स्वतः सांगायला आला, बाकाच्या कडेला उभा राहून, न जेवता.

"या महिन्यात जमत न्हाई. गेल्या दिवाळीपासनं संचालक धास्तावलेत, गल्ल्यात जास्त ठेवा म्हणत्यात. द्यायजोगं काही उरलं न्हाई."

"गरिबाला द्यायचं म्हटलं की तुमचे हात कापत्यात!" प्रयागबाईनं त्याला असं झोडपलं, की ट्रकवाले जेवायचे थांबले. भगवंत एकदा काहीतरी बोलायला गेला, तिच्याकडं पाहिलं, ओट्याकडं पाहिलं, आणि गप्प राहिला. ॲडमिशनची मुदत गेली. पुढल्या वर्षी बघू, म्हणत जानकाबाईनं पोरीला आपल्या शेजारी दुसऱ्या चुलीवर बसवलं.

दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दुपारी प्रयागबाई रस्ता ओलांडून गेली. भगवंत वाटच बघत होता. त्यानं तिजोरीच्या अगदी आतल्या कप्प्यातून एक लाल फडक्याचं गाठोडं काढलं आणि देवाचा प्रसाद द्यावा तसं दोन्ही हातांनी पुढं केलं.

"मावशी, तुमच्या नोटा. वर्षभर एकीलाबी हात लावला न्हाई."

प्रयागबाईनं गाठ सोडली. सगळ्या होत्या. प्रत्येक कोपऱ्यात तिचं बोट, कुंकू ताजं असल्यासारखं लालभडक. कुणाच्या खिशात गेल्या नव्हत्या, कुणाच्या हाताचा मळ लागला नव्हता. कुणाचं इंजिन बांधलं नव्हतं. काहीच केलं नव्हतं.

"वर्षभर?" तिनं विचारलं.

"वर्षभर."

"मंग व्याज कुठनं देणार मला?"

"ते... दुसऱ्यांच्या कर्जाच्या व्याजातनं."

"आन जूनला? सिस्टरचा अर्ज आला तवाबी ह्या हितंच व्हत्या?"

भगवंतानं मान खाली घातली. "तुमच्या नोटा सोडून जेवढं देता येत व्हतं तेवढं दिलं व्हतं, मावशी. तुमचीच अट व्हती."

प्रयागबाई खुर्चीवर बसली. पोरीच्या फीला पुरून उरले असते. हाताखालच्या बाईनं मालकिणीचे घेतले नसते. पण तेच पैसे या खिडकीतून, संस्थेच्या नावानं गेले असते, तर उपकार झाला नसता आणि मानही झुकली नसती. भगवंतानं गेल्या वर्षी घाम पुसत सांगितलं होतं ते एवढंच होतं तर.

"मेल्या," ती म्हणाली, पण शिवीत नेहमीचा जोर नव्हता, "मी ओरडले आन तू ऐकलंस?"

तिनं गाठोडं त्याच्याकडं ढकललं. "घे. ज्याला लागतील त्याला दे. आन जानकाबाईचा अर्ज आजच लिहून घे. जामीन मी. माझं नाव लिव्ह कागदावर."

"आता पुढल्या जूनपर्यंत ॲडमिशन न्हाई, मावशी."

"म्हाईत हाय."

ती रस्ता ओलांडून परत आली. दुपारची वेळ होती, बाकं भरलेली. दुसऱ्या चुलीपाशी ज्योत्स्ना भाकरी भाजत होती. तिच्या उजव्या हाताला तव्याचा चटका बसला होता आणि तिनं त्याला पट्टी बांधली होती. डाव्या हातानं, स्वतःची स्वतः. पट्टी अगदी नीट बांधली होती.